खामगावच्या फळ्यावरच्या पाच वाइन

बारा बाटल्यांतून पाच निवडायच्या, एवढंच माझं काम होतं. अट एकच, की त्या पाचांतली एकही खामगावच्या माणसाच्या खिशाला जड जाऊ नये.

नाशिकजवळच्या एका वायनरीत मी एकोणीस वर्षं पाहुण्यांना वाइन चाखवायचं काम केलं. ग्लास कसा धरायचा, नाक कुठवर घालायचं, घोट तोंडात किती घोळवायचा, हे सांगून सांगून माझी जीभ गुळगुळीत झाली होती. गजानन आणि त्याची बायको मंगला तिथंच एकदा येऊन गेले होते. मला ते आठवत नव्हते, त्यांना मात्र मी चांगलीच आठवत होते. यंदाच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. खामगावातली वडिलांच्या वेळची परमिट रूम बंद करून तिथं तो वाइन बार सुरू करत होता. लोकांनी यावं, पाच प्रकारच्या वाइन थोड्या थोड्या चाखाव्यात, आवडेल ती घ्यावी, अशी कल्पना.

"मंगला म्हनते, दारूच्या काउंटरवर मी उभी राहणार नाही," तो फोनवर म्हणाला. "पन इथं बायामानसं येऊन बसतीन तर येते म्हने. शनिवारी वीस लोकं बोलावले, ताई. ते रमले तर रमले. नाही तर पुन्हा क्वार्टर विकनं हाय आमच्या नशिबी."

वाचकाला इथंच एक गोष्ट सांगून टाकते, जी मी गजाननला सांगितली नव्हती. मला वास येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका तापात नाक जे गेलं ते परत आलंच नाही. गोड, आंबट, कडू, तुरट एवढं जिभेला कळतं, बाकी सगळं सपाट. नोकरी सोडताना मी गुडघ्यांचं कारण पुढं केलं. खरं फक्त माझ्या भावाला माहीत होतं. मग खामगावला का गेले? एक तर कुणीतरी अजून मला जाणकार समजतंय याचा मोह. आणि दुसरं म्हणजे, तिथली माणसं वाइनला काय म्हणतील, हे ऐकायची मला खरोखर उत्सुकता होती.

देऊळगाव राजा ते खामगाव

जालन्याहून एसटीने देऊळगाव राजाला उतरले, तर गजानन गाडी घेऊन उभा. चाळिशीचा, अंगाने भरलेला आणि सतत दुसऱ्याची सोय बघणारा माणूस. त्याने आधी बॅग घेतली, मग पाणी दिलं, मग बालाजीचं दर्शन घेऊ म्हणाला. दर्शन झाल्याशिवाय गाव सोडायचं नाही हे त्याने परस्पर ठरवलेलंच होतं.

दुसरबीडला चहासाठी थांबलो. रस्त्याच्या कडेला पत्र्याखाली हॉटेल, समोर सोयाबीनची पोती लादलेला टेम्पो. मला चहा जरा कमीच लागतो, म्हणून मी मालकाला अर्धा कप मागितला. तो हातातलं भांडं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिला.

"अर्धा काऊन? दूध खराब हाय का आमचं?"

"नाही हो. मला जास्त जात नाही."

"नाही जाणार तर ठेवा. पन अर्धा देनं बरं दिसत नाही." असं म्हणून त्याने कप काठोकाठ भरला, इतका की बशीतही घोटभर उतरला. आमच्या नाशिककडे कटिंग मागितला तर कुणी वळूनही बघत नाही. इथं अर्धा कप म्हणजे त्या घराच्या इभ्रतीचा प्रश्न. मी सगळा चहा प्यायले आणि मनातल्या मनात जरा धास्तावले, कारण वाइन चाखवायची तर तीन बोटांएवढीच ओततात.

मेहकर मागे टाकून खामगावकडे निघालो तेव्हा कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग पुढं होती. बाभळीच्या काट्यांना दुतर्फा कापूस अडकला होता. गजानन सगळ्या वाटेने मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत होता, की आपल्या गावात हे चालेल ना? मी प्रत्येक वेळी हो म्हणाले. आत्मविश्वासाने खोटं बोलायची मला तोवर बरीच सवय झाली होती.

शुक्रवार, खामगाव

जुन्या परमिट रूमच्या भिंतींना नवा पिवळा रंग दिला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या जाऊन लाकडी बाकं आली होती. काउंटरच्या मागे शाळेतल्यासारखा काळा फळा आणि त्यावर मंगलाच्या सुबक अक्षरात 'आजच्या पाच वाइन' एवढंच लिहिलेलं. खाली पाच आकडे, पुढं मोकळी जागा.

मंगला काउंटरच्या अलीकडे उभी राहायची. पलीकडे ती गेलेली मी पाहिली नाही. बारीक चणीची, कमी बोलणारी, पण कान आणि डोळे सगळीकडे. जेवायला तिने कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा वाढला. ठेच्याचा एक घास खाल्ला आणि मला वाटलं, नाकासोबत आता जीभही गेली. ती हसून म्हणाली, "हा फिका हाय, ताई. तुमच्यासाठी कमी मिरच्या घातल्या."

दुपारी बारा बाटल्या मांडल्या. गजाननने पहिली उघडली आणि काय होणार ते मला ठाऊकच होतं. त्याने ग्लास काठोकाठ भरला.

"गजानन, तीन बोटं."

"ताई, तीन बोटं तर आमी औषध घेतो. पाव्हनीले असं थेंबभर देऊ का?"

शेवटी मीच ओतायला घेतलं. आता माझी युक्ती सांगते. मी ग्लास नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "आधी तुम्ही सांगा. तुमच्या नाकावर माझा विश्वास आहे." त्यांना तो माझा मोठेपणा वाटायचा. मंगला पीत नव्हती, पण वास घ्यायला तिची हरकत नव्हती.

आणि त्यांनी जे जे सांगितलं, त्याने मी थक्क झाले. वायनरीत आम्ही पाहुण्यांना स्ट्रॉबेरी, व्हॅनिला, लिची असले शब्द पढवायचो. त्यातली निम्मी फळं पाहुण्यांनी कधी खाल्लेली नसायची. इथं स्वस्तातली पांढरी शेनिन हुंगून मंगला म्हणाली, "खरबूज खाऊन साली टोपलीत टाकल्या न, तसा." गुलाबी वाइनला गजाननने लगेच अंबाडीच्या फुलांचं सरबत म्हटलं. तांबडी शिराझ ग्लासात फिरवून तो बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, "घाण्यातून तिळाची ढेप निघते, गरम गरम. हुबेहूब." ते ऐकताना दोन वर्षांनी पहिल्यांदा मला वाइन दिसली. वास नव्हताच, पण टोपलीतल्या साली दिसल्या, गरम ढेप दिसली. मी वहीत भराभर लिहून घेत होते.

सातव्या बाटलीपाशी मात्र दोघं अडखळले. ती एक तांबडी होती. सगळ्यांत स्वस्त म्हणून गजाननने तिचे सहा खोके आधीच आणून ठेवलेले. बाकी बाटल्यांना फिरकीचं झाकण, हिला बूच. दोघांनी हुंगलं, एकमेकांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"तुमीच सांगा, ताई," गजानन म्हणाला.

मी घोट घेतला. तुरट, आंबटपणा बरा. बाटलीवरचं नाव ओळखीचं होतं, त्यामुळे जुन्या दिवसांत हिच्याबद्दल काय सांगायची ते आठवून बोलून गेले, "हिला जरा मातीचा, जुन्या लाकडाचा गंध असतो. खास गोष्ट आहे ही."

"हाव, मातीचाच," गजानन लगेच म्हणाला. मंगलाही म्हणाली, "हाव."

संध्याकाळपर्यंत मी पाच नावं दिली. सातवी बाटली फळ्यावर पहिल्या आकड्यासमोर गेली, कारण तीच सर्वांत परवडणारी होती. मी मनावरचं ओझं उतरल्यासारखी झोपले.

शनिवार सकाळ, शेजारचा घाणा

बारच्या भिंतीला लागून रफिकभाईंचं तेलाचं दुकान आहे. पुढं दुकान, मागे मोटारीवर चालणारा लाकडी घाणा. मला कुठंही काही फिरताना दिसलं की मी आत शिरते. साठी ओलांडलेले रफिकभाई, पांढरी दाढी, बनियनवर तेलाचे डाग. त्यांनी स्टूल पुसून बसायला दिलं, चहा मागवला आणि करडई, जवस, भुईमूग घाण्याचा दाब कसा वेगवेगळा सोसतात ते समजावून सांगितलं. तेल अंगठ्यावर चोळून हुंगतात आणि मगच डब्यात भरतात. त्यांच्या वडिलांनीही असंच केलं, आजोबांनीही.

"घ्या, तुमी पण बघा," म्हणत त्यांनी माझ्या तळहातावर एका भांड्यातलं तेल ओतलं. मी चोळलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. सवयच ती.

"वा, अगदी ताजं," मी म्हटलं.

 रफिकभाईंनी ते भांडं उचलून बघितलं, मग मला हात पुसायला फडकं दिलं.

"गलतीनं दुसरं भांडं उचललं मी. हे साबनवाल्याले द्याचं तेल हाय, ताई. चार महिन्याचं खवट. याचा वास तर रस्त्यावर जाते." मग अगदी हळू विचारलं, "तुमाले वास येत नाही का?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.  "नाही येत," मी म्हटलं. तोंड लपवायला जागा नव्हती, आणि गंमत म्हणजे हलकंही वाटत होतं.

"किसीको बताया नहीं?" ते म्हणाले, आणि पुन्हा मराठीवर आले. "मंग एक सांगतो. बुरा नका मानू. आमी पीत नाही, ते तुमाले मालूम हाय. पन मागचा नळ आमचा अन् गजाननचा एकच हाय. काल त्याच्याकडच्या कामाच्या पोरीनं ग्लास धुतले तवा एका ग्लासातून असा वास आला, की गोणपाट भिजून पडलं हाय. मी म्हनलो, पोती भिजली का आपली? जाऊन पाहून आलो. पोती कोरडी."

ओलं गोणपाट. वायनरीत पहिल्याच आठवड्यात शिकवतात ते हे. बूच खराब निघालं की वाइनला असाच भिजल्या पोत्याचा, कुबट वास लागतो. विषारी नसतं काही, पण असली वाइन पहिल्यांदा पिणारा माणूस आयुष्यात दुसऱ्यांदा वाइनकडे फिरकत नाही. आणि मी ती फळ्यावर पहिली लावली होती. पाच वाजता वीस लोक येणार होते.

मी तशीच उठून बारमध्ये गेले. गजानन ग्लास पुसत होता, मंगला ज्वारीचे पापड भाजत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. ताप, नाक, गुडघ्यांचं खोटं कारण, सातवी बाटली. सांगून झाल्यावर पापड जळाल्याचं मला दिसलं.

"तुम्हाला आला होता ना तो वास?" मी विचारलं.

गजाननने खाली पाहिलं. "आला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी मातीचा म्हनल्या," मंगला म्हणाली. "घरी आलेल्या पाव्हनीले खोटं पाडते का कोनी?"

मला हसावं की रडावं कळेना. माझी चूक माझ्या खोटेपणाची होती. त्यांची चूक त्यांच्या आतिथ्याची. दोन्ही मिळून ती कुबट बाटली थेट पहिल्या नंबरावर जाऊन बसली होती.

गजाननने खोक्यांतून तीन बाटल्या काढून उघडल्या. रफिकभाईंना आत बोलावणं बरं नव्हतं, म्हणून मंगलाने बुचं तेवढी त्यांच्या दुकानात नेली. दोन बुचांवर त्यांनी मान हलवली, एक चांगलं निघालं. सहाही खोके विक्रेत्याला परत पाठवायचे ठरले. फळ्यावरचा पहिला आकडा पुसला, बाकीच्या चार वर सरकल्या आणि पाचवी जागा रिकामी राहिली.

"एक ऐकता का, ताई?" गजानन शेवटी म्हणाला. रागावला नव्हता, पण घाबरला होता. "लोकांले हे नका सांगू. नाशिकच्या मॅडम येऊन राह्यल्या म्हून ते येऊन राह्यले."

मी कबूल केलं. त्याच्यासाठी तेवढं तरी करायला हवं होतं.

शनिवार, पाचच्या सुमाराला

लोक वेळेवर आले, याचं मला नाशिकच्या मानाने नवल वाटलं. डॉक्टर जोडपी, बँकेतले दोघंतिघं, कापसाचे एक दलाल आणि त्यांच्या पत्नी, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळं गाव नुसतं 'बाई' म्हणतं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला बसले. ग्लासात तीन बोटं वाइन बघून दलालांनी गजाननकडे दयेने पाहिलं. मंगलाने मधे हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली, तेव्हा कुठं जरा हालचाल झाली.

मी शेनिनबद्दल बोलले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहत घोट घेतला.

"कशी वाटली?"

"छान," डॉक्टर म्हणाले.

"छान हाय," बँकवाले म्हणाले.

गुलाबी आली. तीही छान. तिसरी, आणखी एक पांढरी, तीही छान. ग्लास निम्मे भरलेले तसेच राहत होते. एकाने घड्याळ पाहिलं. दलाल गजाननजवळ जाऊन हळूच म्हणाले, "बे, व्हिस्की ठेवली असशीन ना आत?" गजाननचा चेहरा उतरला. मंगला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि तिने ते ऐकलं होतं.

मला कळून चुकलं की कालचीच गोष्ट पुन्हा चालली आहे. वीस सभ्य माणसं पाहुणीचं मन मोडायला तयार नव्हती, आणि त्या सभ्यपणात बार बुडत होता. मी गजाननकडे पाहिलं, मनातल्या मनात त्याची माफी मागितली आणि ग्लास खाली ठेवला.

"मला तुमची मदत हवी आहे," मी म्हटलं. "मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. या ग्लासात काय आहे ते मला माहीत नाही. तुम्ही सांगितलं तरच कळेल."

 गजाननने डोळे मिटून घेतले. मग बाई उठल्या, स्वतःची खुर्ची ओढत माझ्याजवळ आणून बसल्या.

"काहीच येत नाही? फोडणीचाबी नाही? अरेरे." त्यांनी ग्लासात नाक घातलं आणि वर्गात शिकवावं तसं सुरू केलं. "ऐका. आधी पेरू. पिकलेला नाही, कच्चा, चिरून मीठ लावलेला. मंग कुठंतरी ओला चुना."

"चुना नाही, बाई," दलालांच्या पत्नी तिकडून म्हणाल्या. "पाटीवरची पेन्सिल ओली केल्यावानी."

"मले तर काकडी वाटून राह्यली," बँकवाला म्हणाला.

"काकडी? नाक हाय का काय हाय तुझं!"

मग जे सुरू झालं ते मला आवरता येईना. पाहुणीला काहीतरी मिळत नाहीये म्हटल्यावर ते तिला दिल्याशिवाय या माणसांना चैन पडणार नव्हती. बायकांची बाजू आणि पुरुषांची बाजू कधी मिसळली कळलं नाही. डॉक्टरांनी शिराझला सुताराच्या दुकानातला भुसा म्हटलं, दलालांनी जिनिंगमधला सरकीचा ढीग म्हटलं आणि दोघं त्यावर भांडले. रिकामे ग्लास पुढं येऊ लागले. गजानन काठोकाठ भरू लागला आणि या वेळी मी त्याला अडवलं नाही. माझ्या वहीची पानं संपली, तेव्हा बाईंनी मला पर्समधला किराण्याच्या यादीचा कागद दिला.

शेवटी फळ्यावरच्या पाचव्या रिकाम्या जागेची पाळी आली. उरलेल्या बाटल्यांतून दोनच जमण्यासारख्या होत्या, एक मधाची वाइन आणि एक जांभळाची. दोन्ही स्वस्त, दोन्ही चांगल्या. मी जिभेच्या भरवशावर, आणि थोडी जुन्या तोऱ्यातही, म्हटलं, "मधाची लिहा, गजानन. नव्या लोकांना गोड बरं पडतं."

"हाव," दोनचार जण म्हणाले. गजाननने खडू उचलला.

"नाही."

मंगला दारातून दोन पावलं पुढं आली होती. "नाही, ताई. चुकलं तुमचं. काल रात्री तुमी झोपल्या होत्या तवा मी दोन्ही चाखल्या. मधाची पहिल्या घोटाले गोड लागते, दुसऱ्याले कंटाळा येते. जांभळाची तोंड धरून ठेवते. तेच लिवा."

 गजाननचा खडू हवेतच राहिला. तो एकदा बायकोकडे बघे, एकदा माझ्याकडे. तीन दिवसांत या जिल्ह्यात मला तोंडावर नाही म्हणणारं ते पहिलं माणूस होतं, आणि मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "मालकीण काय म्हणते ते लिही."

त्याने जांभूळ लिहिलं. "मंग द्या न चाखाले," दलाल ओरडले. गजाननचे दोन्ही हात खडूने भरले होते. मंगलाने पदराला हात पुसले, काउंटरला वळसा घातला आणि पलीकडे जाऊन बाटली उघडली.